न जळणारी वही

12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी तेच घडलं. चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाला या दंग्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोकांना सावकाराचा जीव नको होता, त्याच्याकडची खतं आणि कर्जरोखे हवे होते. जिथे कागद मुकाट्याने हाती दिले, तिथे बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला कुणी हात लावला नाही. होळी झाली ती कागदांची.

अक्षरओळख नसलेल्या त्या माणसांनी आपल्यावरची सत्ता नेमकी कुठे आहे ते ओळखलं होतं. वही सावकाराची, लेखणी सावकाराची, अंगठा तेवढा आपला. दिलेले पैसे जमेला लागले का, व्याजावर व्याज कधी चढलं, मूळ मुद्दल किती होतं, यातलं काहीही पडताळून पाहायची सोय त्यांना नव्हती. न्याय मागायला कोर्टात गेलं तरी पुरावा म्हणून तीच वही पुढे यायची.

हे पुस्तक बिटकॉइनबद्दल आहे. 2009 पासून चालू असलेल्या, कोणतंही सरकार, बँक किंवा कंपनी जे चालवत नाही अशा डिजिटल चलनाबद्दल. त्याची सुरुवात मी दीडशे वर्षांपूर्वीच्या दंग्याने करतो आहे, कारण बिटकॉइन ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून घडवलं गेलं, तो प्रश्न सुप्याच्या बाजारातलाच आहे: वही कुणी ठेवायची, आणि ती ठेवणाऱ्यावर लक्ष कुणी ठेवायचं?

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली, या विषयावर बोलताना मला पहिला प्रश्न नेहमी भावाचा येतो. आज किती आहे, घ्यावं का, अजून चढेल का. भावाबद्दल या पुस्तकात जवळजवळ काही नाही. मला रस आहे तो रचनेत. आणि माझं ठाम मत आहे की ही रचना समजून घ्यायला, तिची ताकद आणि तिच्या उणिवा दोन्ही जोखायला, आपला जिल्हा चांगलाच तयार आहे. पैशाच्या वहीने माणसाचं काय होतं हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलं आहे.

खामगाव घ्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध 1865 मध्ये संपलं, भाव कोसळले, तरी इंग्रजांना या मुलखाचा कापूस हवाच होता. 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि त्या सोहळ्याला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. तारयंत्रामुळे लिव्हरपूलचा भाव खामगावच्या पेठेत कळू लागला. एवढ्या लांबच्या व्यापारात रोख रुपयांच्या थैल्या घेऊन फिरणं धोक्याचं आणि खर्चाचं होतं. त्या काळच्या देशी व्यापाराचा भार हुंडीवर होता.

हुंडी हे फार विचारपूर्वक घडवलेलं साधन आहे. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली ती आज्ञा: अमुक माणसाला अमुक रक्कम द्यावी. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुद्दती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. शहाजोग हुंडीची रक्कम पेठेत पत असलेल्या माणसालाच मिळायची, त्यामुळे ती वाटेत चोराच्या हाती लागली तरी त्याला फारसा उपयोग नसे. रक्कम लिहिण्याची रीत तर पाहण्यासारखी होती. हजार रुपयांची हुंडी असेल तर आकड्यात हजार, अक्षरात हजार, आणि शिवाय निम्मे पाचशे त्यांचे दुप्पट हजार पुरे, असं लिहायचं. कुणी एक शून्य वाढवलं तर निमपटीचा हिशेब जुळणार नाही. कागदावरची खाडाखोड कागदानेच पकडून द्यावी, अशी ती योजना होती. बिटकॉइनच्या वहीत हेच तत्त्व गणिताच्या जोरावर फार पुढे नेलेलं दिसेल.

हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. आता एकाच रकमेचे दोन-तीन कागद फिरायला लागले की एक रक्कम दोनदा उचलली जाण्याचा धोका आला. त्यावर बंदोबस्त असा की पैसे देणाऱ्या पेढीने आपल्या वहीत नोंद करायची आणि वटलेली हुंडी परत कुणाला वापरता येऊ नये अशी रद्द करून ठेवायची. अशा वटलेल्या हुंडीला खोखा म्हणत. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतल्या अशा दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. पेठेची रूढी पुरेशी मजबूत आहे, असं सरकारनेही मानलं होतं. पण या सगळ्या व्यवस्थेच्या तळाशी एक पेढी होती, आणि त्या पेढीची वही होती.

डिजिटल पैशापुढे हाच पेठ-परपेठेचा प्रश्न फार उग्र रूपात उभा राहतो. संगणकावरच्या फाइलची प्रत काढायला काही खर्च येत नाही, आणि मूळ कोणती व प्रत कोणती हे ओळखताही येत नाही. मी तुम्हाला पाठवलेला शंभराचा आकडा मी आणखी दहा जणांना पाठवला तर? या अडचणीवर अमेरिकन गणिती डेव्हिड चॉम यांनी 1983 मध्ये एक सुंदर तोडगा मांडला. त्यांच्या आंधळ्या सहीच्या युक्तीमुळे बँकेला नाणं खरं आहे हे कळे, पण कुणी कुठे खर्च केलं ते कळत नसे. त्या पायावर त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये डिजिकॅश ही कंपनी काढली. 1998 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि तिच्यासोबत ते चलनही गेलं. खर्चाचा माग लपवण्यात चॉम यशस्वी झाले होते. मात्र एकच नाणं दोनदा खर्चलं जात नाही ना, हे तपासणारी वही मध्यभागी एकाच जागी होती, आणि ती जागा बंद पडल्यावर काही उरलं नाही.

सावकाराच्या वहीला महाराष्ट्राने दिलेलं उत्तर वेगळं होतं. 1904 च्या कायद्यानंतर सहकारी पतसंस्था उभ्या राहू लागल्या. वही आपणच ठेवू, सभासदांनी निवडलेली माणसं ती सांभाळतील, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत ती वाचली जाईल. एक सभासद, एक मत. या कल्पनेबद्दल मला मनापासून आदर आहे. 1986 मध्ये बुलढाण्यात सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था देशातल्या सर्वांत मोठ्या सहकारी पतसंस्थांत गणली जाते, आणि ती एका डोंगरमाथ्यावरच्या छोट्या जिल्हा-ठिकाणी उभी राहिली याचा अभिमान इथे प्रत्येकाला आहे.

पण याच जिल्ह्याने सहकाराची दुसरी बाजूही सोसली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही खेड्यातल्या माणसाची पहिली बँक, पीककर्जाची वाट तिथूनच जाते. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या 23 विनापरवाना जिल्हा बँकांना सावरण्याची योजना मंजूर केली. त्यांतल्या तीन महाराष्ट्रातल्या होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. जिल्हा बँक अडचणीत आली की घरातला पैसा कसा अडकतो, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या ठेवीसाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे इथल्या हजारो घरांना सांगायला नको. मग 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आली. पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून गेल्या. सोयाबीन विकून झालेलं, कापूस घरात येत होता, म्हणजे वर्षातून ज्या काळात शेतकऱ्याच्या हातात नोटा असतात नेमका तोच काळ. 14 नोव्हेंबरला जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारायलाही मनाई झाली. त्या दिवसांत ज्याने खिशातली नोट हातात धरून विचार केला असेल की ही कालपर्यंत पैसा होती, त्याला बिटकॉइनच्या पहिल्या पानावरचा प्रश्न आधीच कळला आहे.

ते पहिलं पान 31 ऑक्टोबर 2008 चं. सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी एक नऊ पानांचा लेख प्रसिद्ध केला. हे नाव एका माणसाचं की गटाचं, हे आजही सिद्ध झालेलं नाही. सहा आठवड्यांपूर्वीच अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती आणि जगभरची सरकारं जनतेच्या पैशाने बँका वाचवायला धावत होती. 3 जानेवारी 2009 ला बिटकॉइनच्या वहीचं पहिलं पान बांधलं गेलं, तेव्हा त्यात सातोशीने त्या दिवशीच्या लंडनच्या टाइम्स दैनिकातला मथळा कोरून ठेवला. ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा मदत द्यायच्या बेतात आहेत, अशी ती बातमी होती. वही या तारखेच्या आधी गुपचूप लिहिलेली नाही याचा तो पुरावा होता, आणि ती का लिहिली याचं निवेदनही.

लेखातली एकेक कल्पना आधीपासून होती, आणि हे पुस्तक त्या साऱ्या पूर्वसुरींचं ऋण मान्य करून पुढे जातं. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी 1991 मध्ये दस्तऐवजांवर अशी काळमुद्रा उठवायची रीत काढली की मागच्या तारखेचा कागद घुसवताच येऊ नये. प्रत्येक कागदाचं गणिती ठसे घेतल्यासारखं एक सार काढायचं, आणि ते पुढच्या कागदाच्या सारात गुंफायचं. 1995 पासून त्यांनी हे सार न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. लाखो प्रती घरोघर गेल्यावर तारीख कोण बदलणार? ॲडम बॅक यांनी 1997 मध्ये टाकाऊ ईमेलवर उपाय म्हणून संगणकाला थोडं कष्टाचं गणित करायला लावणारी युक्ती सुचवली. वेई डाय आणि निक झाबो यांनी 1998 च्या सुमारास मध्यस्थाविना चलनाचे आराखडे मांडले. हॅल फिनी यांनी 2004 मध्ये त्या दिशेने चालणारी एक प्रणाली लिहिली. 12 जानेवारी 2009 ला सातोशीने पाठवलेली पहिली 10 बिटकॉइन याच फिनींना मिळाली. सातोशीचं श्रेय हे की हे सुटे भाग त्याने असे जुळवले, की मधली पेढी काढून घेतली तरी व्यवस्था उभी राहिली.

ती कशी उभी राहते हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे एकच ओळखीचं उदाहरण देतो, फेरफाराचं. आपल्या गावात जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफार घेतो, नोटीस चावडीवर लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि ती सातबाऱ्यावर चढते. आता अशी कल्पना करा की सातबारा नाहीच, आहेत ते फक्त फेरफार. तुमची जमीन किती, हे कुठेच एका जागी लिहिलेलं नाही. अगदी पहिल्या नोंदीपासून आजपर्यंतचे सगळे फेरफार वाचले की ते आपोआप निघतं. ही नोंदवही तलाठ्याच्या दप्तरात एकच नसून ज्याला हवी त्या प्रत्येकाच्या घरी तिची पूर्ण प्रत आहे. नवा फेरफार आला की प्रत्येक घर स्वतः तपासतं: देणाऱ्याची सही खरी आहे का, त्याने हीच जमीन आधी कुणाला दिलेली तर नाही ना. आणि वहीच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचं सार असल्यामुळे, जुन्या पानावरची एक वेलांटी बदलली तरी तिथून पुढची सगळी पानं बाद ठरतात.

उरतो तो अवघड प्रश्न. नवं पान लिहायचं कुणी? गावात तलाठी सरकार नेमतं. पतसंस्थेत सभासद संचालक निवडतात. इंटरनेटवर मतदान घ्यावं तर एक माणूस हजार नावं धारण करून बसेल. बोगस सभासद घुसवून संस्था ताब्यात घेण्याचे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत, म्हणून हा धोका मराठी वाचकाला चटकन कळेल. संगणकशास्त्रात यावर खूप काथ्याकूट झाला होता. सातोशीने माणसांची मोजणीच सोडून दिली. जो संगणक एक अतिशय कष्टाचं, पण उत्तर तपासायला अगदी सोपं गणित आधी सोडवेल, त्याने पुढचं पान लिहावं आणि मोबदला घ्यावा. खोटी नावं कितीही घेता येतात, वीज मात्र खोटी जाळता येत नाही. गणिताची काठिण्यपातळी दर 2016 पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, अशी बदलते की सरासरी दहा मिनिटांना एक पान पडावं. जुनं पान बदलायचं तर त्यानंतरच्या सगळ्या पानांचे कष्ट पुन्हा करावे लागतील, तेही बाकीचं जग पुढची पानं लिहीत असताना. 2021 मध्ये चीनने हा उद्योग देशातून हाकलला, जगातली जवळपास निम्मी यंत्रं बंद पडली, काठिण्यपातळी जुलैच्या सुरुवातीला 28 टक्क्यांनी उतरली, आणि वही चालू राहिली.

या योजनेची मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की ती कुणाकडूनही सज्जनपणाची अपेक्षा करत नाही. लबाडीला बंदी करणारं तिथे कुणी नाही, फक्त लबाडी महाग आहे आणि प्रामाणिक कामाला मोबदला आहे. तशीच सर्वांत खटकणारी गोष्ट ही की एक सभासद एक मत हे तत्त्व तिथे संपतं. ज्याच्याकडे स्वस्त वीज आणि गोदामभर यंत्रं, त्याला पान लिहिण्याची संधी जास्त. विजेचा खर्चही अवाढव्य आहे, आणि रात्री कृषिपंपाला वीज यायची वाट पाहणाऱ्या मुलखात बसून त्याकडे काणाडोळा करणं मला जमणार नाही. त्यावर एक वेगळं प्रकरण आहे.

आता चलन किती काढायचं याबद्दल. इथे खामगावची चांदी आठवते, कारण एके काळी रुपया म्हणजेच चांदी होती. 1893 पर्यंत कुणीही टांकसाळीत चांदी न्यावी आणि ठरलेल्या खर्चात रुपये पाडून घ्यावेत, असा नियम होता. 26 जून 1893 ला सरकारने तो दरवाजा बंद केला. घरातल्या तोड्या-वाळ्यांची चांदी आणि रुपया यांची फारकत झाली, आणि रुपये किती पाडायचे ते सरकारच्या मर्जीवर आलं. या प्रकरणाचा सर्वांत कसून अभ्यास एका मराठी विद्यार्थ्याने केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध 1923 मध्ये लंडनला पुस्तकरूपाने आला. जॉन मेनार्ड केन्स यांनी 1913 मध्ये ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्यावर बाबासाहेबांनी थेट हल्ला चढवला. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेद मोकळेपणाने नोंदवले. प्रस्तावना कशी असावी याचा तो माझ्या दृष्टीने आदर्श आहे.

बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की चलन चालवणाऱ्याच्या हाती चलन वाढवण्याची मुभा असेल, तर तो कधी ना कधी ती वापरणार. म्हणून पद्धतच अशी हवी की चालवणारा मूर्ख निघाला किंवा लबाड निघाला तरी तिला धक्का लागू नये. 1925 मध्ये शाही चलन आयोगापुढे त्यांनी ठोस सूचना केल्या: टांकसाळ जनतेसाठी बंद आहे तशी सरकारलाही बंद करावी, नवे रुपये पाडणं थांबवावं, सोन्याचं नाणं काढावं, आणि दोन्ही नाणी कायद्याने ठरवलेल्या प्रमाणात चालू द्यावीत. सरकारचे हात सरकारनेच बांधून घ्यावेत, ही त्यामागची भूमिका.

हे वाचल्यावर बिटकॉइनचा नियम वाचावा. पहिल्या 2,10,000 पानांना प्रत्येकी 50 नवी नाणी, पुढच्या तेवढ्याच पानांना 25, मग साडेबारा, असं निम्म्याने उतरत जायचं. 2,10,000 गुणिले 50 म्हणजे 1 कोटी 5 लाख, आणि निम्म्या-निम्म्याची ही बेरीज कधीही त्याच्या दुपटीपुढे, म्हणजे 2 कोटी 10 लाखांपुढे जात नाही. ही निमपट आजवर 2012, 2016, 2020 आणि 2024 मध्ये ठरल्याप्रमाणे झाली. नव्या नाण्यांचा दर कोणत्याही समितीच्या बैठकीत ठरत नाही.

पण बाबासाहेबांना बिटकॉइनचे भविष्यवेत्ते ठरवण्याचा जो उत्साह काही ठिकाणी दिसतो, त्यात मी सामील होणार नाही. त्यांना कायद्याने बांधलेलं, लोकांच्या संस्थांनी चालवलेलं चलन हवं होतं. शिवाय रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहिल्याशिवाय रुपया स्थिर झाला असं म्हणता येणार नाही, यावर त्यांचा भर होता. त्यांचीच कसोटी लावली तर बिटकॉइन निम्मं उतरतं. चलन वाढवण्याची मुभा कुणाला नाही, ही परीक्षा ते पास होतं. स्थैर्याच्या परीक्षेत नापास होतं: नोव्हेंबर 2021 मध्ये एका नाण्याला 69,000 डॉलरच्या आसपास भाव होता, वर्षभरात तो 16,000 च्या घरात आला. अशा नाण्यात शेतमजुराची मजुरी ठरवणं हा त्याच्यावर अन्याय होईल.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे या विषयावर लिहिणारे फारसे वळत नाहीत. मोजकंच चलन ज्याच्याकडे साठा आहे त्याला मानवतं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला ते जड जातं, कारण भाव उतरले की तेवढ्याच कर्जासाठी जास्त क्विंटल कापूस विकावा लागतो. 1865 नंतर कापसाची मंदी आली आणि कर्जाचा आकडा तसाच राहिला, हे सुप्याच्या दंग्याच्या मागचं एक कारण होतं. बिटकॉइन हा बचत करणाऱ्याचा पैसा आहे. आपला जिल्हा प्रामुख्याने कर्जदारांचा आहे.

आणि मग न बदलणाऱ्या वहीचा प्रश्न. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 मध्ये एक तरतूद आहे, तिने अनेक घरं वाचवली. सावकाराने कर्जाच्या बदल्यात शेत खरेदीखताने लिहून घेतलं असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ते खरेदीखत अवैध ठरवू शकतो आणि शेत मूळ मालकाला परत देऊ शकतो. कागद खरा, सही खरी, नोंदणी खरी, तरीही व्यवहार खोटा होता, असं म्हणायची ताकद त्या अधिकाऱ्याकडे आहे. बिटकॉइनच्या वहीत असा अधिकारी नाही. सही बरोबर असेल तर नोंद पक्की. दमदाटीने घेतलेली सही असो, फसवून काढलेली असो, चोरलेल्या चावीची असो. ज्या गुणामुळे सत्ताधारी ही वही बदलू शकत नाही, त्याच गुणामुळे न्यायाधीशही बदलू शकत नाही. या दोहोंपैकी एकच मिळेल, हे वाचकाने सुरुवातीलाच पक्कं करून घ्यावं.

यावर कुणी 15 ऑगस्ट 2010 ची घटना दाखवेल, आणि ती दाखवायलाच हवी. त्या दिवशी प्रणालीतल्या एका चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी एका पानात 18,400 कोटींहून अधिक बिटकॉइन निर्माण केली. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली, लोकांनी ती उतरवून घेतली, आणि ते पान मागे टाकून वही पुढे गेली. म्हणजे वहीला माणसं लागतातच. फरक एवढाच की ती दुरुस्ती कुणाच्या हुकमाने झाली नाही, संगणक चालवणाऱ्यांनी आपापल्या यंत्रावर ती मान्य केली म्हणून झाली. तेव्हा ही माणसं मोजकी होती. आज तसं एकमत इतक्या सहज होईल असं मला वाटत नाही. 2017 मध्ये पानाचा आकार वाढवायचा की नाही या वादातून समाज दुभंगला आणि 1 ऑगस्टला एक वेगळं चलन फुटून निघालं.

आपल्याकडचा अनुभव मात्र प्रणालीतल्या चुकीचा नसून मध्यस्थांचा आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने दरमहा 10 टक्के परतावा 18 महिने देण्याचं आमिष दाखवलं, आणि पुणे-नांदेडपासून अनेक ठिकाणी लोकांचे पैसे बुडाले. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या मुंबईच्या बाजारमंचावरून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. दोन्ही ठिकाणी बिटकॉइनची मूळ वही शाबूत होती. लोकांनी आपली चावी दुसऱ्याच्या हाती दिली होती, म्हणजे मध्यस्थाला काढून टाकणाऱ्या शोधात त्यांनी मध्यस्थाला पुन्हा आणून बसवलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. चावी स्वतः सांभाळणं म्हणजे बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहून आयुष्यभर जपणं. घर गळलं, कागद भिजला, सांभाळणारा अचानक गेला, तर दाद मागायला जागा नाही. बँकेत वारसनोंद लावायची राहिली तरी काही मार्ग निघतो, इथे निघत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात: रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला ते परिपत्रक रद्द केलं, आणि 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर लागतो. 1 डिसेंबर 2022 ला किरकोळ वापरासाठी सुरू झालेला रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया हे वेगळंच प्रकरण आहे. तो डिजिटल आहे, पण वही रिझर्व्ह बँकेकडेच आहे.

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं रचनेवर आहेत, मधली इतिहासावर. शेवटचं, सर्वांत मोठं प्रकरण कर्जावर आहे. बिटकॉइनची वही कुणाकडे किती आहे ते बिनचूक सांगते. पण जून महिन्यात, तूर-सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर, ज्याच्याकडे काही नाही त्याला कोण देणार, हे ती सांगू शकत नाही. माणसाची दानत, त्याचं शेत, गेल्या वर्षीचा पाऊस बघून कर्ज देणारा कुणीतरी लागतो, आणि तो आला की त्याची वहीही आली. ती वही उघडी ठेवायची पण दुरुस्त करण्याजोगी ठेवायची, यासाठी या शोधातलं काय उचलता येईल, ते मी तिथे मांडलं आहे. पतसंस्थांत काम करणाऱ्यांनी ते प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. दुसऱ्या प्रकरणातली आकडेमोड मात्र कुणी वगळू नये. तिला आठवीचं गणित पुरतं, आणि ती एकदा स्वतःच्या हाताने केलेल्या माणसाला दरमहा 10 टक्क्यांची योजना विकणं अवघड जातं.